कोअर किती आणि वाढपी किती?



मंडळातील पुष्कळ घरांतली मुले आता विद्यापीठांत संशोधन करू लागली आहेत आणि त्यांच्यामागोमाग एक प्रश्न आईवडिलांपर्यंत येऊन पोहोचला आहे: "संगणक घ्यायचा तर किती कोअरचा?" जाहिरातीत १६, २४, ६४, ९६ असे आकडे असतात. आकडा चढला की किंमतही चढते, आणि मुलाच्या शिक्षणात काही कमी पडू नये म्हणून आपण खिशात हात घालतो. आम्ही रसायनशास्त्राचे. चिप बनवणे हा आमचा धंदा नव्हे, पण रेणूंची गणिते करायला आम्ही त्या रोज राबवतो. म्हणून या कोअरचा इतिहास थोडक्यात सांगावासा वाटतो. तो समजला की निम्मा निर्णय आपोआप होतो.

कोअर म्हणजे चिपमधला एक स्वतंत्र हिशेबनीस. पूर्वी एका चिपमध्ये एकच असे. जास्त हिशेबनीस हवे असतील तर अनेक चिप तारांनी जोडाव्या लागत. हे काम सोपे व्हावे म्हणून आपल्या इथल्या ब्रिस्टलमधील इनमॉस कंपनीने १९८० च्या दशकात 'ट्रान्सप्युटर' ही चिप काढली. शेजारच्या चिपांशी थेट बोलण्यासाठी तिच्यात चार जोडण्या होत्या. त्याच सुमारास अमेरिका भारताला क्रे कंपनीचा हवा तेवढा शक्तिशाली महासंगणक द्यायला तयार होत नव्हती. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात हेच ट्रान्सप्युटर होते, एकूण ६४. इंग्लंडातली चिप आणि पुण्यातली जुळवणी! एकटा मोठा पहिलवान मिळत नसेल तर पुष्कळ गडी एकत्र लावावेत, हा विचार तेव्हा गरजेपोटी आला होता.

घरगुती संगणकाला ही गरज बराच काळ भासली नाही, कारण दरवर्षी हिशेबनीसच जास्त वेगवान होत होता. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढत नाही. या हिशेबावर सगळे चालले होते. इंटेलचा पेंटियम ४ हा नोव्हेंबर २००० मध्ये १.५ गिगाहर्ट्झला आला आणि २००४ अखेर ३.८ पर्यंत पोहोचला. पण तोवर ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले होते की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली. व्होल्टेज आणखी उतरवता येईना आणि चिप तापू लागली. मे २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' नावाची पुढची चिप रद्द केली आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियमही सोडून दिला.

एकाला आणखी पळवता येत नाही, तर दोन ठेवा. आयबीएमने २००१ मध्येच पॉवर४ या चिपमध्ये दोन कोअर बसवले होते. २००५ च्या एप्रिल-मेमध्ये एएमडी आणि इंटेल दोघांनीही दोन कोअरच्या चिप आणल्या. म्हणजे कोअरची संख्या वाढली ती हौसेने नव्हे, उष्णतेने वाट अडवली म्हणून, हे लक्षात ठेवावे.

त्याच वर्षी सन कंपनीने सर्व्हरसाठी अल्ट्रास्पार्क टी१ काढला. त्यात आठ कोअर होते आणि तो एका वेळी ३२ कामे हाती घेई. आकडा डोळे दिपवणारा होता. पण दशांश अपूर्णांकांची गणिते करणारा विभाग आठही कोअरना मिळून एकच होता! हजारो लोकांना संगणकावरची पाने पुरवायला ती चिप उत्तम होती, पण आमच्या रेणूंच्या गणितात सगळे कोअर त्या एका दाराशी रांग लावून उभे राहिले असते. कोअर कोणत्या कामासाठी घडवला आहे हे संख्येवरून कळत नाही, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे नाही.

आता पंगतीचा हिशेब मांडू. कोअर म्हणजे जेवायला बसलेली मंडळी, मेमरी म्हणजे स्वयंपाकघर आणि मेमरी चॅनल म्हणजे वाढपी. पाने कितीही मांडली तरी वाढपी दोनच असतील तर लोक हात वर करून बसणार. २०१८ मध्ये एएमडीचा थ्रेडरिपर २९९०डब्ल्यूएक्स आला. हा डेस्कटॉपसाठीच होता, चार तुकडे जोडलेला, ३२ कोअरचा. पण मेमरी थेट जोडलेली होती त्यांतल्या दोनच तुकड्यांना. उरलेल्या १६ कोअरना शेजाऱ्याच्या पानावरून वाढून घ्यावे लागे. परिणामी काही कामांत त्याच घरातला १६ कोअरचा, निम्म्या किमतीचा २९५०एक्स पुढे गेला. विंडोजच्या कामवाटपाचाही त्यात मोठा दोष होता.

२०१९ मध्ये एएमडीने रचना बदलली. मधोमध एक तुकडा फक्त वाढपाचा आणि भोवती कोअरचे तुकडे. याच रचनेवर सर्व्हरसाठी एपिक ७७४२ आला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये डेस्कटॉपसाठी थ्रेडरिपर ३९९०एक्स. दोघांतही ६४ कोअर, म्हणजे पुण्याच्या त्या परममध्ये जितके ट्रान्सप्युटर तितकेच. एपिक ६,९५० डॉलरचा, थ्रेडरिपर ३,९९० चा. शिवाय स्वस्त चिपचा मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ आणि महाग चिपचा २.२५! मग जास्तीचे पैसे कशाचे? एपिकला आठ चॅनल, थ्रेडरिपरला चार. एपिकला ४ टेराबाइटपर्यंत मेमरी लावता येई, थ्रेडरिपरला २५६ गिगाबाइट.

एका वाढप्यामागे पाने किती, ते पाहू. एपिकमध्ये ८, थ्रेडरिपरमध्ये १६. आणि त्याच पिढीतल्या १६ कोअर, दोन चॅनलच्या साध्या रायझन ३९५०एक्समध्ये? तिथेही ८! तो ७४९ डॉलरचा घरगुती प्रोसेसर आपल्या एकेका कोअरला मोठ्या सर्व्हरइतकेच वाढत होता. चित्रपटातली दृश्ये रंगवण्यासारख्या, मेमरीकडे फार न धावणाऱ्या कामात ३९९०एक्स अप्रतिम ठरला, पण मोठ्या रेणूच्या गणितात त्याची पाने रिकामी राहण्याचा धोका होता. कंपनीनेच जुलै २०२० मध्ये ६४ कोअरचा, पण आठ चॅनलचा थ्रेडरिपर प्रो जाहीर केला, यातच काय ते आले.

दुसरी मर्यादा त्याहून जुनी आहे. १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल यांनी दाखवले की कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच शेवटी सगळ्यांना थांबवतो. भात शिजेपर्यंत शंभर पाने मांडून काय उपयोग? कामाचा फक्त ५ टक्के भाग असा असला, तर १६ कोअरवर वेग सुमारे ९ पट होतो आणि ६४ कोअरवर सुमारे १५ पट. कोअर चौपट, लाभ दुपटीलाही पोहोचत नाही.

२०२४ मध्ये सर्व्हरची चिप १९२ कोअरवर गेली. तिला १२ चॅनल आहेत, म्हणजे एकेका वाढप्यामागे १६ पाने. मात्र हे वाढपी २०२० च्या मानाने जवळजवळ दुप्पट चपळ आहेत. शेकडो गिऱ्हाइकांची लहानलहान कामे एकाच वेळी उरकणे हा तिचा खरा व्यवसाय. त्याच वर्षीच्या इंटेलच्या २४ कोअरच्या डेस्कटॉप चिपमध्ये ८ कोअर मोठे आणि १६ छोटे आहेत. तेव्हा २४ या आकड्याचा अर्थही आता सरळ राहिलेला नाही.

तात्पर्य एवढेच, की पैसे मोजण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला तीन प्रश्न विचारावेत. काम अनेक स्वतंत्र तुकड्यांचे आहे, की एकच मोठे? त्याला मेमरी किती लागते? आणि विद्यापीठाच्या सर्व्हरवर रांगेत नंबर लागतो का? हजार लहान रेणू एकेक करून तपासायचे असतील तर जास्त कोअरचा पुरेपूर उपयोग होतो. एकच मोठा रेणू असेल तर आधी मेमरी आणि चॅनल पाहावेत. विद्यापीठात नंबर लागत असेल तर मोठे काम तिकडे पाठवावे आणि घरी १६ कोअरचा साधा संगणक भरपूर मेमरीसह घ्यावा. वाचलेले पैसे त्याच मुलाच्या पुढच्या वर्षाच्या घरभाड्याला उपयोगी पडतील.

याबाबत कुणाला अधिक विचारायचे असल्यास मंडळाच्या पुढील कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी आम्ही सापडूच. येताना मुलाच्या कामाची माहिती चार ओळींत लिहून आणावी.