खाँसाहेबांचा गळा आणि चेहरा

संगीत नाटकाचा चित्रपट करायचा म्हटले की पहिला पेच गाण्याचाच पडतो. रंगभूमीवर नट स्वतः गातो. आवाज लागला नाही तर लपायला जागा नसते. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, ‘मानापमान’च्या चाली बांधणारे. कॅमेऱ्यासमोरही ते स्वतःच गायले. पुढे पार्श्वगायन आले आणि गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा, अशी वाटणी झाली.

‘कट्यार काळजात घुसली’च्या बाबतीत ही वाटणी फार अवघड होती. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक ‘नाट्यसंपदा’ने डिसेंबर १९६७ मध्ये रंगमंचावर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. झरीना झाल्या होत्या आपल्या सोलापूरच्या फैय्याज. आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव देशपांडे! तान, संवाद, सगळा तोरा एकाच माणसाचा.

२०१५ च्या दिवाळीत सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला. पंडित भानुशंकर झाले शंकर महादेवन, गळाही त्यांचाच. खाँसाहेबांचा चेहरा मात्र सचिन पिळगावकरांचा आणि आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. कॅमेरा इतका जवळ येतो की मानेची शीरही दिसते. सचिन यांनी ते निभावले, पण तान आत्ता, आपल्यासमोर जन्मते आहे ही धाकधूक पडद्यावर नाही. शिवाय घराण्यांच्या गायकीतले भांडण मागे पडून मत्सराचा आवाज जरा चढला, असे मला वाटते.

एक प्रसंग मात्र पडद्याने फार मोलाचा दिला. पंडितजी मिरजेत खाँसाहेबांचे गाणे ऐकतात आणि त्यांना आपल्या विश्रामपूर संस्थानात बोलावतात. मिरज आम्हा सांगोलेकरांना परकी नाही. पंढरपूरहून मिरजेला जाणारी गाडी सांगोल्यावरूनच जाते. अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबरही तिथल्या मीरासाहेब दर्ग्यातच आहे. खाँसाहेबांची उर्दू बरेलीची, आमच्या घरातली बोली दखनी, मराठीत कालवलेली. तरीही त्या प्रसंगात ते मला घरचे वाटले. ते विश्रामपुरात घुसलेले नाहीत. एका पंडिताने, गाणे आवडले म्हणून, त्यांना बोलावून नेले आहे.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)