आवाज वाढवू नका, पट्टा अरुंद करा

नेदरलँड्समध्ये ड्विंगेलो इथं १९५६ सालची, २५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. ती हौशी रेडिओवाल्यांना इंटरनेटवरून वापरता यावी, या खटपटीतून वेबएसडीआरची कल्पना निघाली. २००८ साली एन्स्खेडेच्या ट्वेंटे विद्यापीठातला असा शॉर्टवेव्ह रिसीव्हर जगाला खुला झाला. पूर्वी रेडिओचा काटा एकच, तो ज्याच्या हाती त्याचंच सगळ्यांनी ऐकायचं. इथं एकाच अँटेनावर शेकडो जण एकाच वेळी आपापलं स्टेशन लावतात.

आता खरखर आली, की आपला हात आवाजाकडे जातो. त्यानं खरखरही वाढते! उपाय उलटा आहे: पट्टा अरुंद करायचा. एएम प्रक्षेपणात तोच मजकूर वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना असतो. वरच्या बाजूला शेजारचं स्टेशन घुसलं, तर एलएसबी लावून खालचीच बाजू ऐकावी. एक साक्षीदार बिथरला, तरी दुसरा आहेच. काटा मात्र वाहक लहरीवर अचूक हवा, नाहीतर बोलणाऱ्याचा सूर बिघडतो. आवाज जरा दबका येईल, पण शब्द कळतील.

ज्ञान कसं होतं, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. काय सोडून द्यायचं ते ठरवल्याशिवाय ऐकू येत नाही, हे त्याचं साधं उदाहरण.