चौफुलीवरचा पादचारी आणि त्याचे गणित

हजिरा-धुळे-नागपूर महामार्ग इच्छापोरच्या परिसरातून जातो. खानदेशातून सुरतेत आलेल्या आपल्या कुटुंबांना या रस्त्याची ओळख करून द्यायला नको. हजिऱ्याच्या खत-पोलाद कारखान्यांची अवजड वाहने जिथून धावतात, तिथे पायी रस्ता ओलांडणाऱ्याचा विचार शास्त्राने कसा केला, हे पाहणे उद्बोधक आहे.

पादचाऱ्यांचे पद्धतशीर मोजमाप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. १९७१ मध्ये अमेरिकेत जॉन फ्रुइन यांनी माणसामागे किती मोकळी जागा उरते, यावरून चालण्याच्या सोयीच्या श्रेणी ठरविल्या. त्याच वर्षी हेंडरसन यांनी जमावाची तुलना वायूच्या रेणूंशी केली. १९९५ मध्ये हेल्बिंग आणि मोल्नार यांनी निराळे प्रतिमान मांडले : पादचाऱ्याला गंतव्य स्थान ओढते आणि इतर माणसे व भिंती दूर लोटतात. एवढ्या गृहीतावरून समोरासमोरच्या गर्दीत आपोआप रांगा पडतात, हे संगणकावर दिसून आले.

आपल्याकडचा पादचारी मात्र संपूर्ण रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत नाही. एकेक पट्टा रिकामा होताच पुढे सरकतो. भारतीय अभ्यासकांनी हे वर्तन स्वतंत्रपणे मोजले आहे.

प्रशासनाला मात्र सोपे सूत्र लागते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेनुसार, गर्दीच्या तासातील पादचारी गुणिले वाहनसंख्येचा वर्ग हा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दहा कोटींहून अधिक झाला, तर नियंत्रित ओलांडणीचा विचार करावा. तासाला १००० वाहने आणि १०० पादचारी असले की ही मर्यादा गाठली जाते. पण भीतीपोटी त्यांतील निम्मे लोक घरीच थांबले, तर गुणाकार पाच कोटींवर येतो. रस्ता जितका धोक्याचा, तितकी सोयीची गरज कागदावर कमी भासते!

वेळेचेही तसेच. सेकंदाला १.२ मीटर या प्रचलित वेगाने २४ मीटर रुंद रस्ता २० सेकंदांत पार होतो; ०.८ मीटर वेगाच्या वृद्धाला ३० सेकंद लागतात.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, मोजणी चौफुलीवर उभे राहून संपू नये. दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत जाऊन, कोणी कोणी रस्ता ओलांडणे सोडून दिले, हेही विचारावे. जो आलाच नाही, त्याचीही नोंद गणिताने घ्यायला हवी.