तळटीप ७ : ठेचा

७. वसमतच्या शेतातल्या या जेवणातला ‘ठेचा’ हिरव्या मिरचीचा समजावा. (हा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला.) घरी करायचा तर आठ-दहा तिखट मिरच्या देठ काढून, मोडून घ्याव्यात, अख्खी मिरची तेलात फुटून अंगावर उडते. लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात डाग पडेपर्यंत परताव्यात. मग लसणाच्या सात-आठ पाकळ्या, जिरे, मूठभर भाजलेले शेंगदाणे नि जाडे मीठ घालून तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडावे. मिक्सरमधून निघते ती चटणी, ठेचा नव्हे. कोल्हापूरकडे याच्याच भावंडाला खर्डा म्हणतात. हिवाळ्यात ओल्या लाल मिरच्या बाजारात आल्या की लसूण, मीठ आणि लिंबाचा रस घालून रंजका वाटतात. तो बरणीत टिकतो, ठेचा मात्र लवकर संपवावा. मिरची आपल्याकडे १६व्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आली. त्याआधी तिखटाची भिस्त मिऱ्यांवर होती. ठेच्यावर कच्चे तेल सोडल्याचा उल्लेख मूळ मजकुरात नाही. तो लेखकाकडून राहून गेला असावा. (संपा.)