बंद शाळेचे वेळापत्रक

मार्च २०२० मध्ये ज्या कायद्याच्या आधारे राज्याराज्यांनी साथीचे निर्बंध लागू केले, तो कायदा एकशे तेवीस वर्षांचा होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रंथिक सन्निपाताचे रुग्ण ओळखले आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. त्या कायद्याखाली झालेली घरझडती, पुण्यातील रँडचा कारभार, २२ जून १८९७ ची रात्र, हे सारे पाठ्यपुस्तकांत आहे. त्याच साथीत शिक्षक काय करीत होते, हे मात्र पाठ्यपुस्तकांत फारसे सापडत नाही.

सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रात १८४८ ची मुलींची शाळा ठळकपणे येते. १८९७ चा प्रसंग बहुधा अखेरच्या परिच्छेदात उरकला जातो. प्लेगच्या दिवसांत त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी उपचारकेंद्र चालविले. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचविले, त्यांनाही संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. दुसरे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे. १८९६ मध्ये त्यांनी स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम पुणे शहरातील प्लेगमुळे १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन संपवून कर्वे चिखलातून पायी हिंगण्याला जात, पुन्हा शहरात येत. एकीकडे वर्ग होता, दुसरीकडे स्थलांतरित शाळा, आणि दोन्ही सांभाळणारा माणूस एकच. साथीच्या काळातील शिक्षकाचा दिनक्रम असाच विभागलेला असतो.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने छत्तीसगड ज्यात होता तो मध्य प्रांत व वऱ्हाड देशातील सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रदेशांत गणला गेला. भिलाई तेव्हा केवळ एक गाव होते. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ मध्ये, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूरहून येणारी रेल्वेवाट जवळ होती, विदर्भातील अनेक कुटुंबे नोकरीनिमित्त सेक्टरांत स्थिरावली, आणि घरची भाषा मुलांच्या लेखणीत टिकावी म्हणून मराठी माध्यमाची शाळा हवी झाली. या शाळेच्या साठ वर्षांत सुट्ट्या पुष्कळ झाल्या, संप झाले, परंतु वर्ग इतके दिवस रिकामे कधी राहिले नव्हते.

टाळेबंदी २५ मार्च २०२० पासून. सेक्टर १० च्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवर त्या दिवसांत पाखरांचा आवाज ऐकू येई. कारखाना मात्र थांबला नाही. झोतभट्टी आणि कोक भट्ट्या मनात येईल तेव्हा विझवून पुन्हा पेटविता येत नाहीत. उत्पादन घटले, पाळ्या चालूच राहिल्या. शहरातील शाळा बंद आणि शहराचे हृदय चालू, या एका गोष्टीने पुढील दीड वर्षाचे शिक्षण घडविले.

पहिले काम शिकविण्याचे नव्हते, तांदळाचे होते. एप्रिलच्या आरंभी राज्यात मध्यान्ह भोजनाऐवजी चाळीस दिवसांचा सुका शिधा वाटला गेला: प्राथमिकच्या मुलाला चार किलो तांदूळ व आठशे ग्रॅम डाळ, उच्च प्राथमिकच्या मुलाला सहा किलो तांदूळ व बाराशे ग्रॅम डाळ. ज्या हातांनी हजेरी घ्यायची त्यांनी पिशव्या मोजल्या. पुढे राज्यभरातील शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणाची आणि विलगीकरण केंद्रांची कामे आली. कित्येक ठिकाणी शाळेची इमारतच विलगीकरण केंद्र झाली.

७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने ‘पढई तुंहर दुआर’ हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. छत्तीसगढीतील या नावाचा अर्थ, शिक्षण तुमच्या दारी. ज्यांच्या दारी जाळे पोहोचत नव्हते त्यांच्यासाठी ऑगस्टपासून ‘पढई तुंहर पारा’ म्हणजे वस्तीतील वर्ग, ध्वनिक्षेपकावरील शाळा आणि ब्लूटूथने धडे पोहोचविणारा ‘बुल्टू के बोल’ आले. योजना कल्पक होत्या. त्यांची भाषा प्रामुख्याने हिंदी होती, आणि तसे असणे स्वाभाविकही होते. मराठी माध्यमाच्या शिक्षिकेला मात्र धडा स्वतःच तयार करावा लागला. बालभारतीच्या संकेतस्थळावरील पुस्तकाची पाने, स्वतःच्या आवाजातील वाचन, स्वयंपाकघराच्या ओट्यावर टेकवून ठेवलेला फोन, मागे फळ्याऐवजी कपाटाचे दार.

मग वेळापत्रक. भिलाईत पहिली पाळी सकाळी सहाला, दुसरी दुपारी दोनला आणि रात्रपाळी रात्री दहाला लागते. बहुतेक घरांत स्मार्टफोन एकच, आणि तो वडिलांच्या खिशात. म्हणजे वडील पहिल्या पाळीला असतील तर मुलाचा वर्ग दुपारी तीननंतर. दुसऱ्या पाळीला असतील तर सकाळीच. रात्रपाळी असेल तर दिवसा फोन मोकळा, पण वडील त्याच खोलीत झोपलेले, म्हणून कविता कुजबुजत म्हणायची. पाळ्या आठवड्याने बदलत, तसे वर्गही बदलत. एका शिक्षिकेच्या वहीत हजेरीच्या रकान्यांऐवजी तीन नवे रकाने आखलेले दिसतात: पाळी, फोन कोणाकडे, रिचार्ज केव्हा संपणार. “बाई, याचे बाबा आज रात्रपाळीला आहेत, सकाळी सहानंतर फोन करा,” असे एखाद्या आईने सांगितले की सकाळी साडेसहाला, चहा ठेवण्याच्या आधी, एका मुलासाठी त्रैराशिकाचे गणित व्हायचे. सकाळी सुरू झालेली शाळा रात्री साडेनऊला संपायची. घरी बसून पगार घेतात, असे त्या दिवसांत शिक्षकांविषयी पुष्कळ बोलले गेले. बोलणाऱ्यांनी ही वही पाहिली असती तर बरे झाले असते.

तरीही या श्रमांतून जे साधले त्याची बढाई मारण्यात अर्थ नाही. पडद्यावर मूल दिसते, त्याची वही दिसत नाही. बोट कोणत्या ओळीवर अडले, पेन्सिल कशी धरली, ओठ हलताहेत पण शब्द कळतो आहे का, हे बाकाशेजारी उभे राहूनच समजते. ज्यांचे वडील कंत्राटी कामगार होते आणि टाळेबंदीत ज्यांची मजुरी गेली, ती काही कुटुंबे विदर्भातील आपल्या गावी परतली. त्यांच्या नावापुढे फोन लागत नसल्याची खूण वाढत गेली. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये छत्तीसगडसह पाच राज्यांतील १६,०६७ मुलांची पाहणी केली. दुसरी ते सहावीच्या या मुलांपैकी ९२ टक्के मुले आदल्या वर्षीचे किमान एक भाषिक कौशल्य विसरली होती आणि ८२ टक्के मुले गणितातील किमान एक.

फेब्रुवारी २०२१ मध्ये वरचे वर्ग भरले, मार्चमध्ये पुन्हा बंद झाले. ६ एप्रिलपासून दुर्ग जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी आली. शेजारच्या सेक्टर ९ मधील रुग्णालयाकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकांचा आवाज सेक्टर १० च्या घरांत दिवसरात्र येत होता. कारखान्याचा प्राणवायू टँकरांतून दूरच्या राज्यांकडे निघत होता. त्या सहा आठवड्यांत शिक्षिकांनी गृहपाठ पाठविणे जवळजवळ थांबविले. फोन जात होते, पण एवढेच विचारण्यासाठी: घरी सगळे बरे आहेत ना? काही घरांतून उत्तर येण्यास वेळ लागे. वडील किंवा आजी गमावलेल्या मुलाशी काय बोलावे, याचे प्रशिक्षण बीएडच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नव्हते. बहुतेकींनी मुलाला बोलू दिले आणि स्वतः गप्प राहिल्या.

त्याच जूनमध्ये राज्याच्या बारावीची परीक्षा घरून झाली. १ ते ५ जून या काळात विद्यार्थ्यांनी केंद्रावरून प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिका नेल्या आणि पाच दिवसांच्या आत लिहून परत आणल्या. परीक्षेविषयी जन्मभर बाळगलेली शिक्षकांची श्रद्धा त्या आठवड्यात बरीच सैल झाली. पुस्तक समोर असूनही उत्तर शोधता येत नाही, असे विद्यार्थी त्यातून प्रथमच स्पष्ट दिसले. एरवी ते नापासांच्या यादीत नुसते क्रमांक म्हणून राहिले असते.

२ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यातील शाळा निम्म्या उपस्थितीने उघडल्या. दुसरीत बसलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग पाहिलेला नव्हता. तिसरी-चौथीच्या वह्यांत शिक्षिकांना जे आढळले ते मराठी माध्यमाशिवाय इतरत्र कोणाला जाणवले नसते. दीड वर्ष मुले हिंदी बोलणाऱ्या शेजारात आणि हिंदी पडद्यासमोर राहिली होती. घरात मराठी होती, पण ती बोलण्याची. लिहिण्याची मराठी फक्त शाळेत होती. ‘पंचेचाळीस’ म्हटले की मुले थबकत, ‘पैंतालीस’ म्हटले की चटकन लिहीत. आणि ‘ळ’ गेला होता. बाळ ‘बाल’ झाले होते, फळा ‘फला’, आणि कित्येक वह्यांच्या पहिल्याच पानावर, नावाखाली, मोठ्या अक्षरांत ‘माझी शाला’.

कोणीही त्यावर लाल रेघ ओढली नाही. अभ्यासक्रम बाजूला ठेवून पहिले तीन आठवडे तोंडी कामाला दिले गेले: जीभ मागे वळवून म्हणायचे शब्द, काळा, पिवळा, निळा, सकाळ, आभाळ, केळी, गूळ, पोळी. मुखपट्टीमुळे बाईंचे ओठ दिसत नसत, म्हणून उच्चार दाखविण्यासाठी त्या दाराबाहेर व्हरांड्यात, सहा हातांवर जाऊन उभ्या राहत, मुखपट्टी खाली करीत आणि शब्द म्हणत. आतून पंधरा-वीस मुले तो परत म्हणत. गावी गेलेल्यांपैकी काही दिवाळीनंतर परतली आणि त्यांच्यासाठी हा व्हरांड्यातला तास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.