दांडा कुजला, कडी उरली

खरिपाआधी अवजारांची डागडुजी सुरू झाली की आपल्या भागातला शेतकरी नागपुरात दोन ठिकाणी हिंडतो. लोखंडासाठी इतवारीतली लोहा ओळ, अन् लाकडासाठी लकडगंज. पातं एकीकडं, दांडा दुसरीकडं. लकडगंजातल्या आरा गिरण्या अन् लाकडाचे ढीग सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. पण लोखंडाला लाकूड नीट बसवायचं हे काम नागपूरच्या मातीत किती जुनं आहे, हे फार जणांना ठाऊक नाही. आजची नोंद त्यावर.

काटोल रोडनं फेटरीच्या बाजूला गेलं की माहूरझरी लागतं. या गावच्या शिवारात मोठमोठ्या गोट्यांची वर्तुळं आहेत. जवळच्या जुनापाणीलाही आहेत. ही वर्तुळं म्हणजे जुन्या लोकांची दफनं. मधे मुरूम, माती अन् दगडं भरलेली, भोवती गोट्यांचं कडं. नागपूर विद्यापीठाचे प्राध्यापक शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा इथं अन् १९७० ते ७२ या काळात माहूरझरीला खोदकाम केलं. माणसांच्या हाडांसोबत घोड्यांची हाडं निघाली, घोड्याचे तांब्याचे दागिने निघाले, मणी निघाले. अन् निघालं लोखंड. कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, खंजीर, पळ्या, घोड्याचे लगाम. काळ साधारण इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकाचा मध्य, म्हणजे आजपासून अडीच-पावणेतीन हजार वर्षांमागचा.

यातली कुऱ्हाड नीट समजून घ्या. आपल्या कुऱ्हाडीला दांडा घालायला भोक असतं. या कुऱ्हाडीला भोक नाही. ती सपाट, लांबट पट्टी आहे, एका टोकाला धार. मग दांडा कसा बसवत? दांड्याच्या टोकाला चीर द्यायची, पातं त्यात घालायचं, अन् वरून लोखंडी पट्टीची आडवी-तिरपी कडी ठोकून आवळायची. लाकूड कधीच कुजून गेलं. पण कित्येक कुऱ्हाडींवर ती कडी गंजून तशीच चिकटलेली सापडली. विदर्भातल्या शिळावर्तुळांची हीच खूण अभ्यासकांनी धरली आहे.

आता ती कडी काय सांगते ते पाहा. ज्यानं दांडा बसवला त्याला ठाऊक होतं की उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं अन् पातं ढिलं होतं. आपणही घाव घालण्याआधी कुऱ्हाड पाण्यात का बुडवतो? लाकूड फुगून पातं घट्ट बसावं म्हणून. त्यानं तोच प्रश्न कडीनं सोडवला. दांड्याला कोणतं झाड वापरलं असेल, हे कडी सांगत नाही. आज जाणते लोक धावड्याला पसंती देतात, कारण तो चिवट असतो अन् घावाला झटकन फुटत नाही. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण घरभेद्यासाठी वापरतो. पण लाकडाशिवाय लोखंडाला झाड तोडता येत नाही, हा तिचा सरळ अर्थ त्या लोकांनी रोज अनुभवला असणार. छिन्न्या अन् वाकस पाहिले की कळतं, त्यांच्यात सुतारकाम चांगलं चालत होतं. त्यांनी केलेलं लाकूडकाम मात्र उरलं नाही.

बरं, लोखंड आलं कुठून? त्याचं उत्तर पेंच नदीकाठी, पारशिवनीच्या बाजूला नायकुंडला मिळालं. १९७७ ते ८० दरम्यान शां. भा. देव अन् अ. प्र. जामखेडकर यांनी तिथं खोदलं, तेव्हा लोखंड गाळायची भट्टी सापडली. गोल, लहानशी, मातीच्या वाकड्या विटांनी बांधलेली. सोबत भात्याचा वारा आत सोडायच्या मातीच्या नळ्या अन् लोखंडाचा मळ, म्हणजे किट्ट.

शुद्ध लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात. अशा लहान भट्टीत तेवढी उष्णता होत नाही. पण त्याची गरजही नव्हती. कोळशाचा धूर खनिजातला प्राणवायू ओढून घेतो, लोखंड घट्ट स्पंजासारखं गोळा होतं अन् किट्ट पातळ होऊन वाहून जातं. तो गोळा तापवून, ठोकून ठोकून राहिलेला मळ काढायचा, मग पातं घडवायचं. एका पात्यामागं किती कोळसा, किती भाता, किती हात!

अन् भट्टीच्या विटा मातीच्या, नळ्याही मातीच्या. म्हणजे लोहाराच्या आधी मातीवाला पाहिजे. माती कोणती घ्यायची, तिच्यात काय मिसळलं म्हणजे ती आगीत तडकत नाही, हे ज्ञान लोखंडाच्या फार आधीपासून कुंभारकामात जमत आलं होतं. कोळसा झाडाचा, भट्टी मातीची, तेव्हा कुठं लोखंड. आपण त्या काळाला लोहयुग म्हणतो, ते लोखंड जास्त टिकलं म्हणून.

त्यांची भांडीही साधी नव्हती. या वर्तुळांत काळी-तांबडी भांडी मिळतात. आतून अन् काठाला काळी, बाहेरून लाल. हा रंग दिलेला नाही, आगीनं आणलेला आहे. आव्यात भांडं पालथं ठेवून आत अन् काठापाशी भुसा-गवत दाबलं की तिथं हवा पोचत नाही, धूर मुरतो अन् माती काळी होते. बाहेर मोकळी हवा, म्हणून लाल. दुसरी एक जात आहे अभ्रक मिसळलेल्या लाल भांड्यांची. तिची घुमटासारखी झाकणं असतात अन् काहींवर मुठीच्या जागी पक्षी बसवलेला असतो. नायकुंडच्या वस्तीत जळके दाणेही मिळाले, भात, गहू अन् मसूर यांचे. म्हणजे हे लोक फक्त घोडे पाळणारे नव्हते, शेतीही करत होते.

आता मुद्द्याचं बोलतो. इतकं सगळं कळलं कशावरून? वस्तू जागच्या जागी होत्या म्हणून. कुऱ्हाड कोणत्या भांड्याजवळ, कडी पात्यावर कुठं, किट्ट भट्टीपासून किती दूर, यातूनच कहाणी बनते. तीच कुऱ्हाड कोणी उचलून घरी आणली तर ती भंगारातलं लोखंड होते, किलोच्या भावानं जाते.

या वर्तुळांवर पहिला लक्षात राहणारा लेख १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत लिहिला. हा माणूस मध्य प्रांत अन् वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता. कापसासाठी हिंडता हिंडता त्याला हे गोटे दिसले. पुढं १९६१-६२ मध्ये जुनापाणीला बी. के. थापर यांनी खोदकाम केलं. तेव्हापासून नागपूर चारही बाजूंनी पसरलं. मुरमाच्या खाणी आल्या, लेआउट पडले, अन् आपणही वावर साफ करताना गोटे धुऱ्यावर लोटतो. आपल्यासाठी तो वखराला आडवा येणारा दगड असतो. पण एकदा वर्तुळ मोडलं की ते परत मांडता येत नाही.

लोक का सांगत नाहीत, तेही मी ऐकतो. ‘सांगितलं तं सरकार वावर घेईल.’ कायदा काय म्हणतो ते पाहा. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार एखादी जागा संरक्षित करायची तर आधी अधिसूचना काढावी लागते अन् हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. वावरात गोटे दिसले म्हणून रातोरात काही होत नाही. उलट १८७८ च्या निधी कायद्यात दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. लपवण्यात धोका आहे, सांगण्यात नाही.

म्हणून एवढंच करा. वखरताना खापरं, किट्ट किंवा गंजलेलं पातं दिसलं तर उचलू नका, खोदू नका. बाजूला हात किंवा काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. गट नंबर अन् तारीख लिहा. मग पुरातत्त्व विभागाला किंवा तहसीलला कळवा. अन् नेमकी जागा इथं जाहीर टाकू नका. गुप्तधनाच्या नादानं रात्री सब्बल घेऊन फिरणारे हे पेज वाचत नसतील, असं नाही.