एक स्क्रू आणि अक्रोडाचं लाकूड: रायफलच्या दस्त्याची गोष्ट

(भागाची लिखित प्रत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवलाय.)

आज आपण बंदुकीबद्दल बोलणार आहोत, पण नळी, गोळी, बार यांच्याबद्दल कमी आणि तिच्या लाकडाबद्दल जास्त. अमेरिकेत एक जुना छंद आहे. लोक दुकानातून साधी, स्वस्त .२२ रायफल घेतात आणि घरी आणून तिचं लाकूडच बदलतात. कारखान्याचा दस्ता काढायचा आणि सुंदर रेषांचा अक्रोडाचा दस्ता बसवायचा. कधीकधी या लाकडाची किंमत रायफलपेक्षाही जास्त असते!

आता तुम्ही म्हणाल, हा निव्वळ हौसेचा मामला झाला. हौस आहेच. पण तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. माणसाच्या हातातलं काम यंत्राकडे कसं गेलं आणि त्यातलं थोडंसं परत कसं आलं, त्याचा हा इतिहास.

दस्ता करतो काय?

रायफलचा जो भाग खांद्याला टेकतो, गालाला लागतो आणि पुढे नळीखाली जातो, तो सगळा मिळून दस्ता. इंग्रजीत स्टॉक. नळी आणि यंत्रणा लोखंडाची, सगळ्यांसाठी सारखीच. पण माणसं सारखी नसतात. कुणाचे हात लांब, कुणाची मान आखूड. दस्ता लांब असेल तर खांद्याला लावताना अडकतो, आखूड असेल तर डोळा नेमच्या रेषेत नीट येत नाही. म्हणजे रायफल माणसाला भेटते ती दस्त्यात.

मग अक्रोडच का? कारण अक्रोड वजनाच्या मानाने मजबूत असतो, धक्का सोसतो, सहसा चिरफळत नाही आणि एकदा नीट वाळला की फारसा वाकत नाही. शिवाय कोरायला गोड. युरोप-अमेरिकेतले बंदूक कारागीर पिढ्यानपिढ्या हेच लाकूड वापरत आले.

ब्लँचर्डचं यंत्र

१८१९ सालाकडे जाऊया. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे, तिथे सरकारी बंदूक कारखाना होता. थॉमस ब्लँचर्ड नावाच्या यंत्रकाराने बंदुकीची नळी कातायचं नवं यंत्र तिथे आणलं. आख्यायिका अशी सांगतात, की आता आपलं काम जाणार म्हणून नळीवाले कामगार कुरकुरायला लागले. त्यांच्यातला दस्ते घडवणारा एकजण मात्र निर्धास्त होता. दस्त्याचा आकार वाकडातिकडा, तो काय यंत्राला जमणार!

ब्लँचर्डने ते ऐकलं म्हणे, आणि त्याच विचाराने त्याला पछाडलं.

त्याने काढलेली युक्ती साधी होती. एका बाजूला दस्त्याचा नमुना फिरतो, त्यावर एक चाक टेकलेलं. दुसऱ्या बाजूला कच्चं लाकूड फिरतं, त्यावर पात्यांचं चाक. पहिलं चाक जसं वरखाली होतं, तसं दुसरं लाकूड कापतं. आज आपण किल्लीवाल्याकडे डुप्लिकेट किल्ली करतो ना, साधारण तसंच. वाकड्या आकाराची नक्कल यंत्राने करायची वाट या लेथने दाखवली. पुढे बुटांचे साचे आणि कुऱ्हाडीचे दांडेसुद्धा याच पद्धतीने व्हायला लागले.

म्हणजे कारागिराचा जो शेवटचा भरवसा होता, तोच गेला. सगळ्यांना एकाच मापाचा दस्ता मिळायला लागला.

झाडं मोजणारी पोरं

यंत्र दस्ते भराभर करायला लागलं, पण लाकूड भराभर थोडंच वाढतं? अक्रोडाचं झाड दस्त्याजोगं व्हायला कित्येक दशकं लागतात. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा लाखो रायफली हव्या होत्या. विमानाच्या पंख्यालाही अक्रोडच लागायचा. १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी चक्क बॉय स्काउट्सना आवाहन केलं, की आपापल्या भागातली काळ्या अक्रोडाची झाडं शोधून कळवा. शाळकरी पोरं रानोमाळ हिंडली आणि तब्बल दोन कोटी बोर्ड फुटांहून जास्त उभ्या लाकडाची नोंद झाली. कुणाच्या परसातलं, कुणाच्या बांधावरचं झाड युद्धाच्या यादीत गेलं.

अक्रोड महाग का झाला, याचं उत्तर इथे आहे. मागणी यंत्राच्या वेगाने, वाढ मात्र झाडाच्या वेगाने.

छोटं काडतूस, साधी रायफल

आता .२२ कडे येऊ. या काडतुसाला रिमफायर म्हणतात, कारण बार उडवणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. त्या कडेवर आघात झाला की बार उडतो. १८४५ मध्ये पॅरिसच्या फ्लोबेरने घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजीचा खेळ खेळण्यासाठी याचं सुरुवातीचं रूप काढलं. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने .२२ शॉर्ट आणलं आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल. आजही सगळ्यात जास्त चालतं ते हेच.

आवाज कमी, धक्का नाहीच्या बरोबर, काडतूस स्वस्त. म्हणून अमेरिकेत पोराच्या हाती पहिली रायफल यायची ती .२२. आणि किंमत कमी ठेवायची तर काटछाट कुठे होणार? लाकडात!

१९५९ मध्ये रेमिंग्टनने कमाल केली. नायलॉन ६६ नावाची .२२ रायफल काढली, तिचा दस्ता होता ड्यूपाँटच्या नायलॉनचा. लोक हसले. मग कंपनीच्या टॉम फ्राय या नेमबाजाने अशाच रायफली घेऊन हवेत फेकलेल्या १,००,०१० ठोकळ्यांवर नेम धरला. चुकले फक्त सहा. आणि गंमत बघा, ते ठोकळे होते लाकडाचे!

खरं सांगायचं तर मुद्दा प्लास्टिकनेच जिंकला होता. दमट हवेत लाकूड फुगतं, नळीला रेटा देतं आणि नेम सरकतो. नायलॉनला पाऊस काय आणि ऊन काय.

एका स्क्रूची रायफल

पण १९६४ मध्ये रूगर कंपनीने १०/२२ आणली आणि या हौशी लोकांना हवी ती संधी मिळाली. तिचा दस्ता एका मुख्य स्क्रूने आणि पुढच्या एका पट्टीने धरलेला. तेवढं सोडवलं की लोखंड वेगळं, लाकूड वेगळं. सुरुवातीला तिला अक्रोडच असायचा, पुढे साध्या मॉडेलांवर बर्चसारखं स्वस्त लाकूड आलं. मग लोकांनी अक्रोड स्वतःच परत बसवायला सुरुवात केली.

त्याआधीच मिसूरी राज्यातल्या वॉर्सा या छोट्या गावातल्या बिशप आणि फेजन या कंपन्या अर्धवट कोरलेले दस्ते टपालाने विकत होत्या. म्हणजे ब्लँचर्डच्या वंशातलं यंत्र नव्वद टक्के काम करणार, उरलेलं तुम्ही घरच्या टेबलावर करायचं.

ते उरलेलं काम म्हणजे खरी परीक्षा. लोखंडाला काजळी लावायची, दस्त्यात बसवून बघायचं, जिथे काळा डाग पडला तिथे पातळ खरवडायचं. परत बसवायचं, परत खरवडायचं. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकेल एवढी फट बरेच जण ठेवतात, म्हणजे लाकूड फुगलं तरी नळीला लागत नाही. नायलॉनने दाखवून दिलेल्या दोषावर कारागिराचं हे उत्तर. मग जवसाचं तेल तळहाताने चोळायचं. आधी रोज, मग आठवड्याने, मग महिन्याने.

लाकूड निवडतानाही डोकं लागतं. नागमोडी रेषांचं लाकूड दिसतं देखणं, पण असतं नाजूक. दस्ता मोडतो तो मुठीपाशी, जिथे तो सगळ्यात बारीक असतो. म्हणून जाणकार मुठीत सरळ रेषांचं लाकूड घेतात आणि नक्षी मागच्या रुंद भागात ठेवतात.

मग छान दस्ता कोणता?

हा प्रश्न आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. या दोन्ही प्रकारांत काडतूस तेच, .२२ रिमफायर. पण आजच्या स्पर्धेच्या रायफली बघा. दस्ता बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा, गालाचा आधार वेगळा, खांद्याचा वेगळा, आणि मिलिमीटर-मिलिमीटर सरकवायला स्क्रू. गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्ही वेळा तो शरीराला जुळवून घेता येतो.

सुंदर लाकडाने गोळी सरळ जात नाही, मंडळी. मापात बसणाऱ्या दस्त्याने नेमबाज स्थिर होतो. ऑलिंपिकचा नेमबाज पाना घेऊन जे करतो, तेच मिसूरीतला म्हातारा काजळी आणि पटाशी घेऊन करत होता. सगळ्यांसाठी बनलेली वस्तू एका माणसाच्या मापाची करणं. ब्लँचर्डच्या यंत्राने ते काम स्प्रिंगफील्डच्या कारागिराकडून काढून घेतलं. त्या एका स्क्रूने ते वापरणाऱ्याच्या हाती परत दिलं.

तुमच्या घरी आजोबांची विळी असेल, कुऱ्हाड असेल, क्रिकेटची बॅट असेल, जिचा दांडा कुणीतरी स्वतः तासून बसवलाय, तर तिचा फोटो आणि गोष्ट आम्हाला जरूर पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!